मैदानावर सगळ्यात आधी पोचणारे हात

मैदानावर कुणी पडलं की तिथे डॉक्टर नसतो. पीटीचे सर असतात, पण बहुतेक वेळा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, तोंडात शिट्टी धरून. आईवडील कामावर गेलेले. पडलेल्या मुलाजवळ सगळ्यात आधी पोचतो तो त्याच्याच वर्गातला, त्याच्याच वयाचा मित्र. तेरा-चौदा वर्षांचा. तो पुढच्या दोन मिनिटांत काय करतो यावर पुढचे कित्येक आठवडे अवलंबून असतात. आणि काय करायचं हे त्याला आपण कधी शिकवलेलं नसतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लालबाग-परळ भागात वाढले, तिथेच काम करते. माझ्याकडे येणाऱ्या शाळकरी मुलांच्या हकिकती बऱ्याचशा सारख्याच असतात. कबड्डीत पकड करताना पाय मुरगळला. कुणीतरी पाय धरून ओढला. कुणी बाटलीतलं पाणी ओतलं. कुणी बाम चोळला, तोही जोर लावून, कारण जोर लावल्याशिवाय पाय 'मोकळा' होत नाही अशी सगळ्यांची खात्री. मग दोघांनी काखेत हात घालून उभं केलं आणि 'चालून बघ, चालून बघ' म्हणत फिरवलं. घरी आल्यावर आंबेहळदीचा गरम लेप. दोन दिवसांनी सामना होता म्हणून क्रेप बँडेज करकचून बांधून पुन्हा मैदानात. मुलगा अंगावर काढतो, घरचे काढू देतात, आणि माझ्या टेबलापर्यंत येतो तेव्हा महिना उलटून गेलेला असतो.

यात कुणाचाही हेतू वाईट नसतो. मित्रांची धावपळ खरी असते, आजीच्या लेपातली माया खरी असते. म्हणूनच मला हळहळ वाटते. एवढी तयारीची माणसं, एवढे तत्पर हात, आणि त्या हातांना काहीच शिकवलेलं नाही. मला वाटतं, नववीपासून बारावीपर्यंत आरोग्य आणि खेळाडूंची काळजी हा विषय शाळेत हातांनी शिकवला गेला पाहिजे, आणि तोही सगळ्यांना. त्यातून काही मुलं पुढे या क्षेत्रात येतील, तो लाभ वेगळा.

आमच्या भागातल्या एका मराठी शाळेत शनिवारी सकाळी मी नववीच्या मुलांना शिकवायला जाते. पहिल्या तासाला सगळ्यांना बूट-मोजे काढायला लावते. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं उठून दिसतात त्यांच्यावर एकेक बोट ठेवायचं आणि कुठलं बोट खाली आहे ते बघायचं. वर्गात क्षणभर गोंधळ होतो, मग एकेक जण ओरडू लागतो, बाहेरचं हाड खाली आहे. आतल्यापेक्षा चांगलं बोटभर खाली. मग त्यांनाच विचारते, आता पाऊल बाहेर वळवा, आत वळवा, सोपं काय जातं? बाहेर वळताना ते लांब हाड आड येतं, आत वळायला तेवढा अडसर नाही. म्हणून पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा आतल्या बाजूला, आणि ताण येतो बाहेरच्या हाडाच्या पुढच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यावर. फळ्यावर आकृती काढून हे शिकवलं असतं तर परीक्षेपुरतं राहिलं असतं. स्वतःच्या पायावर सापडलेलं मात्र मुलं विसरत नाहीत.

दुसरी गोष्ट चार पावलांची. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली घोट्याच्या दुखापतीसाठी साधे नियम मांडले, ते आज जगभर वापरतात. दुखऱ्या पायावर चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडांच्या मागच्या कडेला, खालच्या ६ सेंटिमीटरांत, बोटाने दाबल्यावर हाडावरच दुखत असेल, तर एक्स-रे काढायचा. पावलाच्या मधल्या भागातल्या दोन ठिकाणांसाठीही असाच नियम आहे. निर्णय डॉक्टरनेच घ्यायचा, पण 'हिला चार पावलं टाकता येत नाहीत' एवढं नेमकं वाक्य नववीतली मुलगी सरांना सांगू शकते. 'बाई, खूप दुखतंय' यापेक्षा त्या वाक्याला वजन आहे. शिवाय या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात. वाढीची ही जागा लिगामेंटपेक्षा कमकुवत असते, त्यामुळे मोठ्या माणसाचं लिगामेंट ताणलं जाईल अशा झटक्यात मुलाचं हाडच दुखावू शकतं. 'नुसतं मुरगळलंय' हे म्हणूनच मुलांच्या बाबतीत फार घाईने म्हणू नये.

बर्फाबद्दलही सांगते. विश्रांती, बर्फ, पट्टी, पाय उंच, हे चार शब्दांचं सूत्र अमेरिकेतल्या गेब मिरकिन या डॉक्टरांनी १९७८ साली लोकप्रिय केलं. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं की फार बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. आज आम्ही दुखणं कमी करायला थोडा वेळ बर्फ देतो, तोही फडक्यात गुंडाळून, आणि मग लवकरात लवकर हळूहळू हालचाल सुरू करतो. मुलांना हे मुद्दाम सांगते, कारण पाठ्यपुस्तकात छापलेलं कधी बदलत नाही असा त्यांचा समज असतो. ज्याने सूत्र सांगितलं त्यानेच ते दुरुस्त केलं, याचं त्यांना फार नवल वाटतं. मलाही वाटतं.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच असते. दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याआधी विचारायचं. 'हात लावू का? दुखलं तर सांग.' हे वाक्य मुलांच्या तोंडी बसायला सांध्याला आधाराचा टेप लावण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मुलगे हसतात, मुली खाली बघतात. पण एकदा ते वाक्य वर्गात रुळलं की वर्गाची चालच बदलते. एरवी एकमेकांना ढकलत जाणारी मुलं घोटा हातात घेताना सावकाश होतात.

खो-खो खेळणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, मला कळलं की तिने खेळू नये, पण सरांना कसं सांगायचं? ते म्हणतात फायनल आहे." वर्ग एकदम गप्प झाला. सगळ्यांना ठाऊक होतं ती काय म्हणते आहे ते. शरीराचं ज्ञान एकीकडे आणि करंडक, क्रीडागुण, शाळेचं नाव दुसरीकडे, असं हे नेहमीच होतं. त्या मुलीला मी म्हटलं, निर्णय तुझ्यावर नाही. तू बघितलेलं सांगायचं, स्पष्ट, आणि सरांनी नाही ऐकलं तर तिच्या घरी फोन करायचा. हे उत्तर पुरेसं नाही हे मला कळतं. चौदा वर्षांच्या मुलीवर असं ओझं टाकायचंच नाही, तर शाळेत त्या जागी प्रशिक्षित मोठं माणूस असायला हवं.

अमेरिकेत बऱ्याच शाळांत हे माणूस असतं. अनेक हायस्कुलांमध्ये 'स्पोर्ट्स मेडिसिन' हा निवडीचा विषय म्हणून शिकवतात. वर्गात तपासणीची टेबलं, सांगाडा, टेपची रिळं. मुलं शरीररचना शिकतात, सीपीआर (हृदय थांबलेल्याची छाती दाबून त्याला श्वास देणं) शिकतात, दुखापतीची नोंद कशी लिहायची ते शिकतात, आणि शाळेच्या सामन्यांना 'अॅथलेटिक ट्रेनर'च्या हाताखाली उभी राहतात. अॅथलेटिक ट्रेनर म्हणजे व्यायाम करून घेणारा नव्हे, दुखापत ओळखणारा आणि सांभाळणारा परवानाधारक आरोग्य व्यावसायिक. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० साली स्थापन झाली आणि १९९० साली तिथल्या वैद्यकीय संघटनेने या पेशाला आरोग्यसेवेचा पेशा म्हणून मान्यता दिली. आरोग्यक्षेत्रात येऊ पाहणाऱ्या शाळकरी मुलांची 'होसा' ही संघटनाही तिथे १९७६ पासून आहे. मला त्यांच्याकडची एक शिस्त विशेष आवडते. विद्यार्थ्याने पाणी द्यावं, साहित्य लावावं, देखरेखीखाली टेप लावावा, नोंद करावी. खेळाडूला परत मैदानात सोडायचं की नाही, हे त्याने ठरवायचं नाही. शिकणाऱ्याला आणि दुखावलेल्याला, दोघांनाही त्याने संरक्षण मिळतं.

ही शिस्त त्यांनाही फुकट मिळालेली नाही. २००१ साली कोरी स्ट्रिंगर हा अमेरिकन फुटबॉल खेळणारा व्यावसायिक खेळाडू सरावादरम्यान उष्माघाताने गेला. त्याच्या नावाने पुढे संस्था निघाली आणि 'आधी थंड करा, मग हलवा' हा नियम शाळाशाळांत पोचला. उष्माघात झालेल्याला गाडीत घालून पळवत सुटण्याआधी जागीच गार पाण्यात बसवायचं किंवा पाण्याचा मारा करायचा, कारण मेंदू आणि बाकीचे अवयव दर मिनिटाला तापत असतात. मुंबईला हे आपलं वाटायला हवं. आपल्याकडे पारा फार चढत नाही, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला आलेली माणसं उष्माघाताने गेली, ते आपण पाहिलं आहे.

मग आपल्याकडे काहीच नाही का? आहे, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात अकरावी-बारावीला एमसीव्हीसी, म्हणजे किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, सुरू झालं. त्यात मेडिकल लॅब टेक्निशियनसारखे आरोग्याचे अभ्यासक्रम होते. गेल्या दशकात शाळांमध्ये नववीपासून व्यवसाय विषय आले, त्यात 'हेल्थकेअर' आहे आणि शारीरिक शिक्षण व क्रीडाही आहे. भोपाळच्या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने त्यांची पुस्तकं काढली आहेत. ती उघडून पाहा: पलंगाची चादर कशी घालायची, नाडी कशी मोजायची, हात कसे धुवायचे, रुग्णाशी कसं बोलायचं. पुस्तकं चांगली आहेत. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तर सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे, व्यावसायिकांकडे पाठवा असं सांगितलं.

पण घराघरांत काय म्हणतात? "एमसीव्हीसीला घातलं? मार्क कमी पडले का?" विषय कितीही चांगला असो, तो 'राहिलेल्यांसाठी' आहे असा शिक्का एकदा बसला की हुशार मूल तिकडे फिरकत नाही, आणि जे जातं ते मान खाली घालून जातं. दुसरीकडे हुशार म्हणवल्या गेलेल्यांची 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची रांग. २०२४ साली २३ लाखांहून जास्त मुलांनी ती परीक्षा दिली, आणि त्या वर्षी एमबीबीएसच्या जागा देशभरात मिळून सव्वा लाखाच्या आत होत्या. ही मुलं दोन-तीन वर्षं जीवशास्त्राचे पर्याय सोडवत बसतात आणि त्या काळात एकाही आजारी माणसाचं मनगट हातात धरत नाहीत. डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्या मुलाला रक्त बघून काय वाटतं, रडणाऱ्या नातेवाइकासमोर उभं राहता येतं का, हे ना त्याला माहीत असतं, ना त्याच्या आईबापांना. सोळाव्या वर्षी हॉस्पिटलच्या एखाद्या विभागात काही दिवस नुसतं उभं राहायला मिळालं तरी कितीतरी जणांचा मार्ग सोपा होईल. काहींना कळेल की हे आपलं काम नाही, आणि तेही वेळेत कळेल.

आणि डॉक्टरच्या अवतीभवती केवढं जग आहे! फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे), लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटरमधले टेक्निशियन, डोळे तपासणारे, वाचा-उपचार करणारे. २०२१ साली यांतल्या बहुतेकांसाठी देशात पहिल्यांदा केंद्रीय कायदा झाला, त्यात असे दहा गट धरले आहेत. दहावीत असताना नर्सची सोडून यातली एकही पाटी मी वाचलेली नव्हती, केईएम हॉस्पिटल घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असूनही.

केईएमबद्दल तर परळच्या प्रत्येक शाळेत सांगायला हवं. भारतात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी यांच्या शिक्षणाची सुरुवात तिथेच झाली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकरांच्या घरात लग्न करून आलेल्या कमलाबाईंनी १९४८ साली तिथे ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग उभा केला आणि १९५० साली शिक्षण देणारी शाळा काढली. फलटणचं कमला निंबकर बालभवन आहे ना, ते त्यांच्याच नावाचं. त्यानंतर थोड्याच काळात, पोलिओने मुलं लुळी पडत होती त्या दिवसांत, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने तिथेच फिजिओथेरपीची शाळा निघाली. १९५५ साली हाजी अलीला अपंगांच्या पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आली. पुढे भारतीय क्रिकेट संघाबरोबर वर्षानुवर्षं फिरलेले फिजिओ अली इराणी मुंबईचेच. एवढा वारसा ज्या गावाला आहे, तिथल्या मुलाला फिजिओ म्हणजे टीव्हीवर बॅग घेऊन धावत येणारा माणूस एवढंच माहीत असावं?

खेळाच्या बाजूने तर शाळकरी मुलांना करण्याजोगं खरं काम पडलेलं आहे. एकच उदाहरण देते. माझ्याकडे कंबरदुखी घेऊन येणारे पंधरा-सोळा वर्षांचे वेगवान गोलंदाज. शाळेचा सामना, क्लबचं नेट, खासगी कोचिंग, रविवारी आणखी एक सामना. प्रत्येक कोचला वाटतं मी थोडीच गोलंदाजी करून घेतो. बेरीज कुणीच करत नाही. वाढत्या वयात कमरेच्या मणक्यावर एकाच बाजूने पुन्हा पुन्हा ताण आला की हाडाला बारीक चीर जाते, आणि मग कित्येक महिने चेंडू हातात घ्यायचा नाही. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने वयानुसार किती षटकं टाकायची याच्या मर्यादाच घालून दिल्या आहेत. हॅरिस शील्ड ही मुंबईतली शालेय क्रिकेट स्पर्धा खेळणाऱ्या संघाबरोबर वही घेऊन बसणारा एक विद्यार्थी असावा, प्रत्येक गोलंदाजाचे आठवड्याचे चेंडू लिहिणारा, शाळेतले आणि बाहेरचे मिळून. यंत्र नको, खर्च नाही. अकरावीच्या अभ्यासक्रमातलं प्रात्यक्षिक म्हणून ते लावता येईल, आणि त्या वहीने एखादी कंबर वाचेल. स्पोर्ट्स मेडिसिन म्हणजे मोठ्या खेळाडूंच्या शस्त्रक्रिया असं वाटतं खरं, पण त्यातला पुष्कळसा भाग असाच मोजण्याचा, लिहिण्याचा, वेळेवर थांबवण्याचा आहे.

या सगळ्याला एका आईने जो प्रश्न विचारला त्याने मी बराच काळ अडले. त्या एका हॉस्पिटलात मावशी म्हणून काम करतात. मुलगा माझ्या शनिवारच्या वर्गात, हाताने चांगला, माणसांशी गोड. मी उत्साहाने म्हटलं, याला आरोग्याचा विषय घेऊ द्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, बेडपॅन मी उचलले. त्याने उचलू नयेत म्हणून उचलले. तुम्ही परत त्यालाच तिकडे ढकलताय."

त्यांचं बरोबर होतं. कंत्राटी कामगाराच्या पगारावर वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केलेल्या बाईसमोर सेवेची महती सांगायला तोंडच उघडू नये. या अभ्यासक्रमांतून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती सहायकाची नोकरी येते आणि तिथेच तो अडकतो, ही भीती कल्पनेतली नाही. विषय शाळेत आणायचा तर वर जायच्या पायऱ्या पहिल्याच दिवशी दाखवल्या पाहिजेत: हे शिकलास, आता बारावीनंतर नर्सिंग आहे, लॅबचा किंवा एक्स-रेचा अभ्यासक्रम आहे, जीवशास्त्र घेऊन 'नीट' परीक्षा दिलीस तर फिजिओ आहे. आणि ज्याला सहायकच राहायचं असेल त्याला नीट पगार आणि नीट नोकरी. हे शाळेच्या हातात नाही, पण ते झाल्याशिवाय शाळेने मुलांना नुसतं प्रोत्साहन देत राहणं मला पटत नाही. त्यांना हे सगळं मी सांगितलं, मुलाच्या पुढच्या वाटा कागदावर लिहून दिल्या, आणि वर्गात येऊन बघा असंही म्हटलं.

त्या आल्या. मी त्या दिवशी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते दाखवत होते. दर दोन तासांनी वळवलं नाही तर पाठीला जखमा होतात, इथपर्यंत मुलांना समजलं होतं. बाकावर एकाला झोपवलं होतं आणि दुसरा त्याला खांद्याला धरून ओढत होता. मावशी मागच्या बाकावरून उठल्या. "कमरेतून वाकू नकोस, गुडघे मोड. पलंगाला चिकटून उभा राहा. त्याचा पलीकडचा गुडघा आधी वाकव, मग एक हात खांद्यावर, एक खुब्यावर, आणि आपल्याकडे घे. आणि त्याला सांग की आता वळवतोय. झोपला असला, काही कळत नसलं, तरी सांगायचं." मुलाने सांगितलं, वळवलं, आणि बाकावरचा जाडजूड मुलगा सहज कुशीवर आला. मग सगळ्यांनाच करून बघायचं होतं. मावशींनी प्रत्येकाचे पाय कुठे असावेत ते वाकून दाखवलं, तास संपल्याची घंटा झाली तरी.

त्यांना पुढच्या सत्रात पुन्हा बोलवावं आणि पाहुण्या शिक्षकाला देतात तेवढंच मानधन द्यावं, असं मी मुख्याध्यापकांना लेखी दिलं आहे.